ऑफिसच्या व्हीपीएनची सर्टिफिकेटं: बनवणं, बसवणं, रद्द करणं आणि मुदत सांभाळणं

नाशिकच्या एका चार्टर्ड अकाउंटंट फर्मचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. तिथे "सीएची चावी कुठे आहे?" असं विचारलं की शिपाई साहेबांच्या केबिनची चावी घेऊन येतो. मला हवी असते 'सीए डॉट की' नावाची फाइल. व्हीपीएन म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची बंदिस्त वाट, आणि तिथे सीए म्हणजे सर्टिफिकेट अथॉरिटी, सर्टिफिकेटांवर सही करणारा. तसं पाहिलं तर दोन्ही सीएंचं काम एकच, दुसऱ्याने आणलेला कागद तपासायचा आणि खाली सही ठोकायची. ती सही बघून तिसरा माणूस विश्वास ठेवतो.

ऑफिसात एक सर्व्हर आहे, त्यावर टॅली आणि क्लायंटच्या फाइली. वीसेक माणसं घरून किंवा क्लायंटच्या जागेवरून ओपनव्हीपीएन नावाचं सॉफ्टवेअर वापरून त्यात शिरतात. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एक सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरला दाखवायचं ओळखपत्र. ते बनवायला पाच मिनिटं लागतात. डोकेदुखी असते ती पुढची दोन-अडीच वर्षं. कुणाचं कुठल्या मशीनवर आहे, कधी संपतंय, नोकरी सोडून गेलेल्याचं बंद केलं का, हे सगळं कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. हा लेख अशाच, एकट्याने वीस-पंचवीस जणांचं व्हीपीएन ओढणाऱ्या माणसासाठी आहे.

एक सूचना आधीच करतो. आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.

कुठली फाइल दाखवायची, कुठली लपवायची

ओपनव्हीपीएनच्या क्लायंटला, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या लॅपटॉपला किंवा मोबाइलला, साधारण चार गोष्टी लागतात. 'सीए डॉट सीआरटी' हे सीएचं सर्टिफिकेट, ते सगळ्यांकडे सारखंच असतं. त्या माणसाचं स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे 'डॉट सीआरटी' फाइल. त्याची खासगी चावी, 'डॉट की' फाइल. आणि चौथी 'टीए डॉट की'. हिच्या नावात 'की' असलं तरी तिचा सर्टिफिकेटशी संबंध नाही. सर्व्हर आणि सगळ्या क्लायंटमध्ये मिळून ती एकच असते आणि अनोळखी माणसाला दारावर टकटकसुद्धा करू देत नाही.

यातली दोन्ही सर्टिफिकेटं उघड झाली तरी काही बिघडत नाही, त्यांत फक्त नाव, मुदत आणि सही असते. 'टीए डॉट की' ऑफिसच्या माणसांतच राहावी. खासगी चावी मात्र ज्या मशीनसाठी बनवली तिथेच. आणि 'सीए डॉट की', जिने सही होते ती, क्लायंटकडे तर सोडाच, व्हीपीएनच्या सर्व्हरवरही नको. ती ज्याच्या हाती लागेल तो हवी तितकी सर्टिफिकेटं छापेल, तीही अगदी अस्सल. आमच्याकडे एका जुन्या, नेटला न जोडलेल्या लॅपटॉपवर ईझी-आरएसएचं, म्हणजे सर्टिफिकेटं बनवायच्या प्रोग्रामचं, सगळं फोल्डर आहे. तो लॅपटॉप तिजोरीत, शेअर सर्टिफिकेटांच्या शेजारी.

आता तो नेहमीचा प्रश्न: "साहेबांचं डीएससी टोकन आहेच की, त्यानेच व्हीपीएन चालू करा ना!" डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, हेही सर्टिफिकेटच, पण ते देणारी संस्था बाहेरची. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली परवाना घेतलेली. तुमच्या सर्व्हरने त्या संस्थेच्या सीएवर विश्वास ठेवायचं ठरवलं, तर साहेबांबरोबरच तिच्याकडून टोकन घेतलेले बाकीचे लोकही दारातून आत येण्याच्या लायकीचे ठरतील. व्हीपीएनसाठी घरचा सीएच बरा. त्याची सही फक्त तुमच्या माणसांच्याच सर्टिफिकेटवर असते.

सर्टिफिकेट बनवताना

ईझी-आरएसए ३ मध्ये सुरुवातीला 'इनिट-पीकेआय' आणि 'बिल्ड-सीए' या दोन आज्ञा एकदाच द्यायच्या असतात. 'इनिट-पीकेआय' पुन्हा दिली तर आधीचं सगळं पुसायची तयारी करते आणि तसं विचारतेही. झोपेत 'यस' टाइप करू नका.

पुढे प्रत्येक माणसासाठी पुस्तकी पद्धत अशी. त्याच्याच लॅपटॉपवर 'जेन-रेक' चालवायचं. त्यातून खासगी चावी आणि एक विनंतीची फाइल तयार होते. चावी तिथेच राहते, विनंती तेवढी तुमच्याकडे येते. तुम्ही ती 'इम्पोर्ट-रेक'ने आत घ्यायची, 'साइन-रेक क्लायंट' आणि पुढे नाव देऊन सही करायची, आणि तयार झालेली 'डॉट सीआरटी' परत पाठवायची. या सगळ्यात गुप्त असं काहीच प्रवास करत नाही. विंडोजवर ओपनव्हीपीएन बसवताना ईझी-आरएसएचा भागही निवडता येतो, मात्र त्याची खूण आधीपासून केलेली नसते. आपण करायची.

खरं सांगायचं तर आर्टिकलशिपच्या पोरांकडून हे करून घेताना अर्धा दिवस जातो. म्हणून आम्ही बहुतेक वेळा 'बिल्ड-क्लायंट-फुल' वापरतो. ही आज्ञा चावी, विनंती आणि सही असं सगळं एका दमात उरकते. फक्त तिच्या शेवटी 'नोपास' लावायचा मोह टाळायचा. तो लावला नाही तर चावीला पासवर्ड लागतो. मग फाइल मेलने गेली तरी पासवर्ड आपण फोनवर सांगतो, आणि नुसती फाइल हाती लागलेल्याला तिचा उपयोग नाही. फाइल आणि पासवर्ड दोन्ही एकाच व्हॉट्सअॅप चॅटमध्ये टाकणारे मी पाहिलेत. तसं करायचं असेल तर पासवर्ड ठेवूच नका, निदान खोटा धीर तरी मिळणार नाही. माणसाने नंतर तो पासवर्ड बदलावा. विंडोजवर खालच्या पट्टीतल्या ओपनव्हीपीएनच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं की 'चेंज पासवर्ड' मिळतं, ते त्या चावीचाच पासवर्ड बदलतं.

नावाबद्दल थोडं. सर्टिफिकेट माणसाच्या नावाने काढू नका, मशीनच्या नावाने काढा. नुसतं 'सविता' नको, 'सविता-लॅपटॉप-२५' करा. २५ म्हणजे वर्ष. सविताताईंच्या मोबाइलला वेगळं. याचं कारण अनुभवाने कळलेलं आहे. एकदा दोन भावांनी एकच फाइल दोन मशीनवर टाकली. एक जोडला की दुसरा तुटे. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर आपोआप पुन्हा जोडे, की पहिला तुटे. मिनिटामिनिटाला हा खोखो चालू, आणि दोघेही नेटवाल्याला शिव्या घालत होते. एकाच नावाचं सर्टिफिकेट दुसऱ्यांदा आलं की सर्व्हर आधीची जोडणी सोडतो. 'डुप्लिकेट-सीएन' ही ओळ टाकून ते बंद करता येतं, पण मग एक मशीन हरवलं की दोघांचंही सर्टिफिकेट रद्द करावं लागतं.

क्लायंटवर बसवताना

सगळ्यात सोपं म्हणजे एकच 'डॉट ओव्हीपीएन' फाइल. तिच्यात सर्व्हरचा पत्ता, पोर्ट आणि सेटिंग असतातच. खाली कोनी कंसांच्या खुणांमध्ये सीए, सर्ट, की आणि टीएलएस-क्रिप्ट (यात 'टीए डॉट की') असे चार ठोकळे चिकटवता येतात. चार फाइली सांभाळण्यापेक्षा एक बरी. चिकटवताना 'बिगिन' आणि 'एंड' असलेल्या ओळी, त्यांच्या डॅशांसकट, पूर्ण घ्या. ईझी-आरएसएच्या 'डॉट सीआरटी' फाइलीत वर बराच वाचता येण्याजोगा मजकूर असतो, तो घेतला नाही तरी चालतं.

फाइलीत एक ओळ नक्की तपासा: 'रिमोट-सर्ट-टीएलएस सर्व्हर'. ती नसेल तर तुमच्याच सीएचं क्लायंट सर्टिफिकेट असलेला कुणीही स्वतःला सर्व्हर म्हणवून घेऊ शकतो. ऑफिसातलाच माणूस ऑफिसातल्यांना फसवेल, असा प्रकार. ओळ असली की समोरच्याचं सर्टिफिकेट सर्व्हरसाठीच दिलंय का, हे क्लायंट बघतो.

विंडोजवर फाइल नोटपॅडमध्ये सेव्ह केली की शेपटाला 'डॉट टीएक्सटी' लागतं आणि विंडोज ते लपवतं. दिसायला 'डॉट ओव्हीपीएन', असायला 'डॉट ओव्हीपीएन डॉट टीएक्सटी'. यादीत प्रोफाइल, म्हणजे ही 'डॉट ओव्हीपीएन' फाइल, दिसतच नसेल तर आधी हे बघा. मग चिन्हावर उजवं क्लिक करून 'इम्पोर्ट फाइल'. प्रोफाइल आत आलं आणि एकदा जोडणी झाली की डाउनलोड फोल्डरमधली मूळ फाइल डिलीट करायची, रीसायकल बिनमधूनही. हे माणसाच्या भरवशावर सोडू नका, लॅपटॉप समोर असताना स्वतः करा.

चावी फाइलीत नकोच असेल तर ती विंडोजच्या स्वतःच्या सर्टिफिकेट कोठारात ठेवता येते. ईझी-आरएसएच्या 'एक्सपोर्ट-पी१२'ने चावी आणि सर्टिफिकेट एका कुलुपबंद 'डॉट पी१२' फाइलीत बांधायचं. ती विंडोजवर डबल क्लिक केली की विझार्ड उघडतो. 'करंट यूजर' निवडायचं, पासवर्ड द्यायचा, आणि 'ही चावी एक्सपोर्ट करता येईल' या अर्थाच्या चौकोनात टिक करायची नाही. ती केली नाही की चावी पुन्हा सहजासहजी बाहेर काढता येत नाही. बसलं का ते 'सर्टएमजीआर डॉट एमएससी' चालवून 'पर्सनल'च्या खाली बघा. सर्टिफिकेट उघडल्यावर तळाशी चावीचं चित्र आणि 'या सर्टिफिकेटची खासगी चावी तुमच्याकडे आहे' असं वाक्य दिसलं पाहिजे. नसेल तर नुसतं सर्टिफिकेट आलंय, चावी मागे राहिलीय. मग 'डॉट ओव्हीपीएन'मधले सर्ट आणि की हे दोन ठोकळे काढून त्याजागी 'क्रिप्टोएपीआयसर्ट' ओळ आणि तिच्यात सर्टिफिकेटचा ठसा, म्हणजे थंबप्रिंट. थंबप्रिंट प्रत्येक सर्टिफिकेटचा वेगळा असतो, त्यामुळे नवीन सर्टिफिकेट आलं की ही ओळही बदलावी लागते. मी स्वतः दोनदा विसरलोय.

विंडोजचं आतलंच आयकेईव्ही२ व्हीपीएन वापरत असाल आणि मशीनच्या सर्टिफिकेटने जोडत असाल, तर गोष्ट उलटी. तिथे 'लोकल मशीन'मध्येच बसवावं लागतं, सीएही तिथल्याच विश्वासू रूटांच्या खणात. 'सर्टएलएम डॉट एमएससी'ने ते बघायचं. १३८०६ नंबरची चूक आली की समजायचं, मशीनला वापरण्याजोगं सर्टिफिकेटच सापडलेलं नाही. बहुतेक वेळा ते 'करंट यूजर'मध्ये पडलेलं असतं.

'डॉट पी१२'ची एक गंमत. पासवर्ड शंभर टक्के बरोबर, तरी जुना मॅक किंवा जुनं विंडोज म्हणतं पासवर्ड चूक. पासवर्डला दोष देऊ नका. २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि त्याने या फाइलीचं कुलूप नव्या पद्धतीचं केलं. जुन्या मशीनला ते उघडता येत नाही, आणि त्याला दुसरं काही म्हणता येत नाही म्हणून ते 'पासवर्ड चूक' म्हणतं. फाइल 'लेगसी' पर्याय देऊन पुन्हा बनवली की उघडते. ते कुलूप कच्चं असतं, म्हणून काम झालं की फाइल पुसून टाका.

मोबाइलवर ओपनव्हीपीएन कनेक्ट अॅपमध्ये 'डॉट ओव्हीपीएन' आयात केलं की झालं. त्यातल्या चावीला पासवर्ड असेल तर अॅप तो विचारतं. आयफोनवर हे अॅप सिस्टिमच्या कोठारातली चावी वापरत नाही. 'पी१२'च द्यायची असेल तर फाइलीचं शेपूट 'डॉट ओव्हीपीएन१२' करून अॅपमध्येच उघडावी लागते. काही अॅपना मात्र सीए फोनच्या कोठारात लागतो. अँड्रॉइड ११ पासून तो फाइलीवर टॅप करून बसत नाही, सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात जाऊन 'इन्स्टॉल अ सर्टिफिकेट'खाली हाताने निवडावा लागतो. तिथे तीन प्रकार दिसतात: सीए, व्हीपीएन आणि अॅपसाठीचं, आणि वायफायचं. माणसाचं स्वतःचं सर्टिफिकेट दुसऱ्यात. सीए निवडला की फोन धमकीवजा इशारा देतो, तुमची माहिती कुणी बघू शकेल वगैरे. तो खोटा नाही. म्हणूनच ओपनव्हीपीएनसाठी गरज नसताना फोनच्या कोठारात सीए टाकू नका, 'डॉट ओव्हीपीएन'मधला सीए फक्त त्या जोडणीपुरता असतो.

जोडत नसेल तर

क्लायंटच्या लॉगवर फार विसंबू नका. यूडीपीवर (ओपनव्हीपीएनची नेहमीची, पोचपावती न मागणारी पद्धत) सर्व्हरने सर्टिफिकेट नाकारलं तरी क्लायंटला बहुधा एवढंच दिसतं की साठ सेकंदांत टीएलएसची, म्हणजे एकमेकांची ओळख पटवायची, बोलणी पूर्ण झाली नाहीत, नेट तपासा. नेटचा काही संबंध नसतो. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये 'व्हेरिफाय एरर' या ओळीत. त्याच ओळीत 'डेप्थ' लिहिलेली असते. शून्य म्हणजे तक्रार समोरच्याच्या सर्टिफिकेटबद्दल, एक म्हणजे त्याच्या वरच्या सीएबद्दल.

'हॅज एक्स्पायर्ड' म्हणजे मुदत संपली, ते सोपं. 'नॉट येट व्हॅलिड' आलं की घड्याळ बघा. लॅपटॉपची छोटी बॅटरी गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सर्टिफिकेटातल्या वेळा जीएमटीत असतात, आपण साडेपाच तास पुढे. 'शेवट ३१ मार्च ०४:४०' असं लिहिलं असेल तर ते सकाळी १० वाजून १० मिनिटांनी मरेल, ऑफिस भरल्या भरल्या. 'लोकल इश्युअर सापडत नाही' म्हणजे सीएची फाइल जुनी किंवा दुसऱ्याच सर्व्हरची. आणि क्लायंटच सुरू होताना 'की व्हॅल्यूज मिसमॅच' म्हणून थांबला, तर एका माणसाचं सर्टिफिकेट आणि दुसऱ्याची चावी एकत्र चिकटवलीय. घाईत हे फार होतं.

रद्द करणं, आणि २७ जुलै

माणूस नोकरी सोडतो किंवा लॅपटॉप बसमध्ये राहतो, तेव्हा सर्टिफिकेट परत मागून उपयोग नसतो, कॉपी कुठे असेल कुणाला ठाऊक. ते रद्द करायचं. 'रिव्होक' आणि नाव, मग लगेच 'जेन-सीआरएल'. या दुसऱ्या आज्ञेने रद्द झालेल्यांची यादी तयार होते, 'सीआरएल डॉट पेम'. ती सर्व्हरवर नेऊन ठेवल्याशिवाय पहिल्या आज्ञेचा काडीचा परिणाम नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'सीआरएल-व्हेरिफाय' ओळीत तिचा पत्ता हवा. सर्व्हर सुरू झाल्यावर स्वतःचे अधिकार सोडून साध्या यूजरसारखा चालत असेल तर फाइल त्या यूजरला वाचताही आली पाहिजे. सर्व्हर पुन्हा चालू करावा लागत नाही. पण आत्ता आत बसलेला माणूस लगेच बाहेर फेकला जात नाही. मूळ सेटिंगप्रमाणे तासाने पुन्हा बोलणी होतात, तेव्हा तो अडतो. घाई असेल तर त्याची जोडणी हाताने तोडा.

एका वर्षी २८ जानेवारीला मी अशी एक यादी बनवली, सर्व्हरवर ठेवली आणि विसरलो. २७ जुलैला, रिटर्नच्या ३१ तारखेला चार दिवस उरले असताना, सकाळी सविताताईंचा फोन आला. "दादा, तो पिवळा डबा हिरवाच होत नाहीये." तोवर आणखी सहा जणांचे मेसेज. सर्व्हर चालू, नेट चालू, सगळ्यांची सर्टिफिकेटं पुढच्या वर्षापर्यंतची. मी तासभर राउटरशी खेळलो, नेटवाल्याला बोलावलं. मग सर्व्हरचा लॉग उघडला. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच, 'सीआरएल हॅज एक्स्पायर्ड'.

या यादीलाही मुदत असते, आणि ईझी-आरएसएमध्ये मूळची ती १८० दिवस आहे. मुदत संपली की ओपनव्हीपीएनला यादीवर भरवसा उरत नाही, आणि मग ते एकट्यादुकट्याला नाही, सगळ्यांनाच अडवतं. तसं ते बरोबरच आहे. रखवालदाराकडची यादी शिळी झाली तर त्याने सगळ्यांना आत सोडण्यापेक्षा सगळ्यांना थांबवावं. तिजोरी उघडून, 'जेन-सीआरएल' करून, पेन ड्राइव्हने यादी सर्व्हरवर नेईपर्यंत साडेअकरा वाजले. साहेब काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आता मी दर तिमाहीच्या पहिल्या सोमवारी, कुणाला रद्द करायचं असो वा नसो, नवीन यादी बनवतो. ईझी-आरएसएच्या सेटिंगच्या 'व्हार्स' फाइलीत दिवस वाढवूनही ठेवता येतात, पण मला तो सोमवार हवाच आहे. त्या निमित्ताने तिजोरी उघडते आणि बाकीच्या तारखाही बघून होतात.

मुदत आणि नोंदवही

ईझी-आरएसएने दिलेलं सर्टिफिकेट मूळ सेटिंगप्रमाणे ८२५ दिवस चालतं, म्हणजे सव्वादोन वर्षं. सीए स्वतः ३६५० दिवस. 'शो-एक्स्पायर' आज्ञा लवकरच संपणाऱ्यांची यादी देते, पण ती तिजोरीतल्या लॅपटॉपवर आहे, आणि तो बंद आहे. म्हणून एक्सेलची एक शीट. सर्टिफिकेटचं नाव, माणूस, मशीन, दिल्याची तारीख, संपायची तारीख, रद्द केल्याची तारीख. अनुक्रमांकाचा रकाना जरूर ठेवा. लॅपटॉप चोरीला गेला आणि त्याच माणसाची दोन सर्टिफिकेटं निघाली, तर कुठलं मारायचं ते त्यानेच कळतं. संपायच्या तारखेच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये. मार्च, जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कुणाचंही संपत असेल तर आधीच नवीन देऊन टाका. इतर धंद्यांत घाईचे महिने वेगळे असतील.

नवीन देताना जुनीच चावी पुढे ढकलायची नाही. नवीन चावी, नवीन वर्षाचं नाव, आणि नव्याने एकदा जोडणी झाली की जुनं रद्द. आधी रद्द करू नका, नाहीतर तो माणूस आत यायला काही उरतच नाही आणि तुम्हाला त्याच्या घरी जावं लागतं. गंगापूर रोडवरून सिन्नरला गेलोय मी असा.

राहिला सीए. त्याची दहा वर्षं संपली की खालची सगळी सर्टिफिकेटं एकाच क्षणी निरुपयोगी. त्याआधी किमान अडीच वर्षं नवीन सीए बनवा. सीएच्या ठोकळ्यात जुनं आणि नवं अशी दोन्ही सर्टिफिकेटं एकाखाली एक चिकटवता येतात, ओपनव्हीपीएन दोन्ही मानतं. आधी सर्व्हरवर तसं करायचं, मग ज्याचं सर्टिफिकेट बदलायची पाळी येईल त्याला दोन्ही सीए असलेली फाइल द्यायची. सगळ्यांच्या फाइलीत दोन्ही पोचले की सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट नव्या सीएकडून घ्यायचं, आणि जुन्या सहीचं शेवटचं सर्टिफिकेट संपलं की जुना सीए काढायचा. आमचा सीए बनवून सात वर्षं झालीत. संपायची तारीख शीटच्या पहिल्या ओळीत लाल रंगाने लिहिलीय, आणि साहेबांच्या डायरीतही, कारण तेव्हा मी इथे असेनच असं नाही.